लांबच्या प्रवासात इंजिन पुन्हा पुन्हा तापते : दोष नेमका शोधायचा कसा

रोजच्या फिरण्यात गाडीची काहीच तक्रार नसते. पण लांबच्या प्रवासाला निघून मोठा चढ लागला, किंवा एसी लावून तासभर सलग वेगात गेले, की डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा वर सरकू लागतो. गॅरेजमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, भरून मिळते, एखादा भाग बदलला जातो, काही आठवडे बरे जातात आणि पुढच्या मोठ्या प्रवासात पुन्हा तोच अनुभव येतो. हा दोष असा परत परत येतो, याचे कारण माझ्या मते बहुतेक वेळा एकच असते. ‘गाडी तापते’ एवढेच मेकॅनिकला सांगितले जाते. ती नेमकी कधी तापते हे सांगितले जात नाही आणि विचारलेही जात नाही. मग थर्मोस्टॅट बदलून होतो, वॉटर पंप बदलून होतो, रेडिएटर बदलून होतो आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. वास्तविक इंजिन उभ्या गाडीत तापते की वेगात, चढावर तापते की सुरू केल्यावर काही मिनिटांतच, आणि कूलंट कमी होते की होत नाही, एवढ्या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मिळाली, तर संशयित भाग एक-दोनवर येतात.

व्यवस्था तशी साधी आहे. वॉटर पंप कूलंट इंजिनमधून फिरवतो. थर्मोस्टॅट ठरावीक तापमानाला, बहुतेक गाड्यांत ८२ ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, उघडू लागतो आणि ते रेडिएटरकडे जाऊ देतो. तिथे समोरून येणाऱ्या किंवा फॅनने ओढलेल्या हवेने ते थंड होते, आणि दाबाचे झाकण ही सगळी व्यवस्था दाबाखाली ठेवते, जेणेकरून कूलंट लवकर उकळू नये. पुढे जे काही सांगितले आहे, ते या साखळीतील कोणता दुवा निखळला आहे हे ओळखण्यासाठी आहे.

प्रवासातच काटा वर गेला तर

काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकलेला दिसला, पण लाल पट्ट्यात गेलेला नसेल, तर एसी ताबडतोब बंद करावा, हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा सर्वाधिक वेगावर ठेवावा, काचा उघडाव्यात आणि इंजिनवरचा भार कमी करत सुरक्षित जागा गाठावी. हीटरचा कोअर हाही एक लहान रेडिएटरच असतो आणि तो इंजिनमधील बरीच उष्णता बाहेर काढतो. याच वेळी एक महत्त्वाची खूणही मिळते. इंजिन तापलेले असताना हीटरमधून गार हवा येत असेल, तर कूलंट फार कमी झाले आहे, व्यवस्थेत हवा अडकली आहे किंवा पंप कूलंट फिरवत नाही, असे समजावे. ही नोंद मेकॅनिकला अवश्य सांगावी, कारण गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी थंड झालेली असते आणि ही खूण नाहीशी होते.

काटा लाल पट्ट्यात गेला, तापमानाचा लाल दिवा लागला किंवा बोनेटखालून वाफ येऊ लागली, तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत किंवा गावापर्यंत गाडी ओढत नेण्याचा विचार सोडून द्यावा आणि सुरक्षित जागी थांबताच इंजिन बंद करावे. ॲल्युमिनिअम ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनिअमचे हेड (सिलिंडरांना वरून झाकणारा भाग) बसवलेल्या इंजिनात अतितापाने हेड वाकण्याची भीती म्हणूनच फार मोठी असते, आणि हेडच्या पृष्ठभागाला चालणारा बाक अनेक इंजिनांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाच किंवा त्याहूनही कमी असतो. दोन किलोमीटर वाचवण्याच्या नादात होजच्या (कूलंटच्या रबरी नळीच्या) एका क्लॅम्पचे काम संपूर्ण हेड उतरवण्याच्या कामात बदलते, ते असे.

गरम इंजिनवर रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण कोणत्याही कारणाने उघडू नये. आतील कूलंट शंभर अंशांहून अधिक तापलेले असूनही केवळ दाबामुळे उकळत नसते; झाकण सैल होताच दाब जातो, ते क्षणात उकळते आणि वाफेसह तोंडावर व हातांवर उडते. किमान अर्धा ते पाऊण तास थांबावे, जाड कापडातून रेडिएटरचा वरचा होज दाबून पाहावा, आणि तो मऊ लागत असेल व हाताला सोसेल इतका निवला असेल, तरच चेहरा बाजूला ठेवून झाकण थोडेसे फिरवावे. दाब सुटल्याचा आवाज पूर्ण थांबला की मगच ते काढावे. इंजिन तापलेले असताना त्यावर बाहेरून थंड पाणी ओतणे किंवा आत एकदम थंड पाणी भरणेही टाळावे, कारण अचानक आकुंचनाने धातूला तडा जाऊ शकतो. अडचणीत कूलंट नसेल तर साधे स्वच्छ पाणी भरून गॅरेजपर्यंत जाता येते. मात्र नंतर ते काढून योग्य मिश्रण भरलेच पाहिजे.

काटा काय सांगतो आणि काय सांगत नाही

बऱ्याच आधुनिक गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. कूलंट ऐंशी अंशांवर असो वा शंभराच्या आसपास, काटा मधोमधच दिसतो. चालकाने किरकोळ चढउतार पाहून घाबरू नये, एवढाच त्यामागचा हेतू असतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की अशा गाडीत काटा मधल्या जागेवरून हलला, तेव्हाच तापमान बरेच वर गेलेले असते. ‘थोडासाच वर आहे’ हे समाधान तिथे खोटे ठरते. काही गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त दिवा असतो. वारंवार तापणाऱ्या गाडीच्या मालकाने ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातील माहिती वाचण्याच्या जोडणीला) जोडण्याचा साधा स्कॅनर घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. कूलंटचे तापमान त्यावर अंशांत दिसते आणि चढावर ते ९५ वरून १०८ वर कसे गेले, सपाटीवर किती मिनिटांत उतरले, हे कळते. दोष शोधण्यात या आकड्यांचा उपयोग काट्याच्या हालचालीपेक्षा कितीतरी अधिक होतो.

दुसरी गोष्ट अधिक धोक्याची आहे. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल, तरच तो खरे तापमान सांगतो. गळतीमुळे कूलंट इतके कमी झाले की सेन्सर उघडा पडला, तर काटा वर जाण्याऐवजी अचानक खाली येऊ शकतो, आणि चालकाला वाटते की गाडी निवली. वर गेलेला काटा कारण नसताना एकदम खाली पडला आणि त्याच वेळी हीटरची हवा गार झाली, तर ती सुधारणा नव्हे. इंजिन बंद करण्याची ती शेवटची सूचना असते.

गाडी उभी असताना तापते

वाहतूक कोंडीत किंवा सिग्नलला काटा चढतो आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर धावू लागताच उतरतो, असे होत असेल तर रेडिएटर, पंप आणि थर्मोस्टॅट यांना तूर्त हात लावू नये. धावत्या गाडीत समोरची हवा पुरते आणि उभ्या गाडीत ती फॅनला ओढावी लागते. म्हणजे संशय फॅनवर आहे. इंजिन थंड असतानाच एसी लावून पाहावा. बहुतेक गाड्यांत एसी लागताच किंवा थोड्याच वेळात रेडिएटरचा फॅन फिरू लागतो. तो फिरला नाही तर फ्यूज, रिले, कनेक्टर आणि शेवटी मोटर या क्रमाने तपासावे. काही गाड्यांत फॅनचे दोन वेग असतात आणि त्यांपैकी एकच बंद पडलेला असतो, त्यामुळे ‘फॅन तर फिरतोय’ या उत्तरावर समाधान मानू नये. पट्ट्यावर चालणारा व्हिस्कस क्लचचा (गरम झाल्यावर दाट द्रवाने फॅनला पकडणाऱ्या जोडणीचा) फॅन असेल, तर गरम इंजिन बंद करून तो हाताने फिरवून पाहावा. स्पष्ट अडकाव जाणवायला हवा. तो सहज गरागरा फिरत असेल, तर क्लच निकामी झाला आहे.

एक दोष असा आहे की तो डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. मोटर बदलताना तारा उलट जोडल्या गेल्या, तर फॅन उलटा फिरतो आणि हवा रेडिएटरमधून आत ओढण्याऐवजी पुढे ढकलतो. फॅन जोरात फिरतो, आवाज नेहमीसारखा येतो, आणि गाडी तरीही तापते. इंजिन चालू असताना रेडिएटरच्या पुढच्या बाजूस कागदाचा एक तुकडा धरावा. तो जाळीकडे खेचला गेला पाहिजे. दूर उडत असेल तर फॅन उलटा आहे. हे पाहताना हात, बाही किंवा ओढणी फॅनजवळ जाऊ देऊ नये, कारण विजेचा फॅन इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

अपघातानंतर पुढचा भाग दुरुस्त केलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी. फॅनभोवतीचे प्लास्टिकचे आवरण, रेडिएटरच्या बाजूंच्या पट्ट्या आणि इंजिनखालचा पत्रा किंवा प्लास्टिकचा ट्रे हे भाग हवेला रेडिएटरमधूनच जाण्यास भाग पाडतात. दुरुस्तीत ते परत बसवले गेले नाहीत, तर हवा सोपी वाट धरून रेडिएटरच्या कडेने निघून जाते. ‘त्याने काही फरक पडत नाही’ असे म्हणून हे भाग बाजूला टाकले जातात. फरक पडतो, आणि तो नेमका उन्हाळ्यातल्या चढावर दिसतो.

वेगात किंवा चढावर तापते

याच्या उलट, कोंडीत गाडी ठीक राहते पण सलग वेगात किंवा चढावर तापते, तर फॅन ठीक आहे आणि कूलंटचा प्रवाह किंवा रेडिएटरची क्षमता कमी पडते आहे. लांबच्या प्रवासात वारंवार भेटणारा दोष हाच आहे. इंजिन जितकी शक्ती देते, तितकी उष्णताही निर्माण करते. रोजच्या शहरी वापरात अर्धवट बंद झालेला रेडिएटरही पुरतो, म्हणून दोष महिनोन्महिने झाकलेला राहतो.

प्रथम बाहेरची बाजू पाहावी. बहुतेक गाड्यांत एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि दोहोंमध्ये बोटभर फट असते. समोरून पाहिले तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, म्हणून रेडिएटरही स्वच्छ असेल असे गृहीत धरले जाते. पण त्या फटीत बॅटरीचा उजेड टाकून वरून पाहिले, की आत धूळ, किडे, वाळकी पाने आणि चिखल यांचा नमद्यासारखा थर रेडिएटरच्या पात्यांवर बसलेला आढळतो, विशेषतः खालच्या तिसऱ्या भागात. शक्य असेल तर फॅनचे आवरण काढून इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला, म्हणजे हवा जाते त्याच्या उलट, साध्या दाबाच्या पाण्याने तो धुवावा. गाड्या धुण्याच्या जोरदार पंपाचा फवारा जवळून मारला, तर पातळ पाती आडवी पडतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

आतली बाजू डोळ्यांना दिसत नाही, पण तापमानाने कळते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर ते बंद करावे आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी तापमान मोजावे. कूलंट ज्या बाजूने आत येते तिथून बाहेर पडण्याच्या बाजूपर्यंत तापमान हळूहळू उतरत जाणे योग्य. मध्येच एखादा पट्टा थंडगार लागला, तर तिथल्या नळ्या गाळाने बंद झाल्या आहेत. चकचकीत धातूवर हे उपकरण चुकीचा, बहुधा कमी आकडा दाखवते, म्हणून मोजणी काळ्या किंवा मळकट पृष्ठभागावरच करावी. वरच्या आणि खालच्या होजमधील तापमानही पाहावे. वरचा तापलेला आणि खालचा बराच वेळ जवळपास थंड असेल, तर कूलंट फिरत नाही. थर्मोस्टॅट पुरता उघडत नाही, रेडिएटर तुंबला आहे किंवा पंपाची पाती झिजली आहेत, यांपैकी एक कारण असते.

थर्मोस्टॅट तपासायला सोपा आहे. तो काढून दोरीने पाण्याच्या भांड्यात टांगता ठेवावा, सोबत थर्मामीटर ठेवावा आणि पाणी तापवावे. त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला आणि पाणी उकळेपर्यंत चांगला उघडला, तर तो निर्दोष आहे. गाडीच्या संगणकाच्या हुकमाने उघडणारा विजेचा थर्मोस्टॅट असेल, तर मात्र ही कसोटी पुरेशी नसते आणि स्कॅनरच लावावा लागतो.

पंपाचा दोष दोन प्रकारचा असतो. सील गेले, तर पंपाखालच्या बारीक छिद्रातून कूलंट ठिबकते आणि वाळून रंगीत डाग राहतो. आतली पाती गंजून झिजली किंवा प्लास्टिकची पाती दांड्यावरून सैल झाली, तर बाहेर काहीच दिसत नाही. खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. तो जुना होऊन मऊ पडला असेल, तर उभ्या गाडीत ठाकठीक दिसतो आणि जास्त आरपीएमला आतल्या ओढीने चपटा होऊन प्रवाह अडवतो. बोनेट उघडून, गरम इंजिनवर दुसऱ्या व्यक्तीला तीन हजारांच्या आसपास रेझ करायला सांगून या होजकडे पाहावे. ही तपासणी जवळजवळ कोणी करत नाही. तिला वेळ फारसा लागत नाही आणि नव्या रेडिएटरचा निष्फळ खर्च तिच्यामुळे टळू शकतो.

हे सर्व ठीक असेल, तर कूलंटच्या व्यवस्थेबाहेरची कारणेही आठवावीत. ब्रेक घासत राहणे, तुंबलेला सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिन ऑइलची कमी पातळी, छतावरचे किंवा मागे ओढलेले जादा वजन या सर्वांनी इंजिनवरचा भार आणि उष्णता वाढते.

कूलंट जाते कुठे

कूलंटची व्यवस्था बंद असते. निरोगी गाडीत त्याची पातळी महिनोन्महिने जवळपास तीच राहते. दर दोन-तीन आठवड्यांनी टॉप-अप करावा लागत असेल, तर ती देखभाल नसून चालू असलेली गळती आहे, आणि ती सापडल्याशिवाय केलेली कोणतीही दुरुस्ती टिकणार नाही. पातळी नेहमी थंड इंजिनवर, सकाळी, गाडी सपाट जागी असताना पाहावी आणि टाकीवर बारीक खूण करून ठेवावी. गरम इंजिनवर ती वाढलेली दिसणे स्वाभाविक आहे.

गळती शोधण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे प्रेशर टेस्ट. थंड इंजिनवर झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर छापलेल्या दाबाइतका दाब द्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटे काटा स्थिर राहतो का, ते पाहायचे. अनेक गाड्यांत हा दाब साधारण १ बारच्या आसपास असतो. दाब उतरला आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर कूलंट हीटरच्या कोअरमधून गाडीच्या आत, किंवा हेड गॅस्केटमधून (हेड आणि ब्लॉक यांमधील सांधा बंद ठेवणाऱ्या पातळ थरातून) इंजिनच्या आत जात आहे. पुढच्या सीटसमोरचा पायाखालचा गालिचा ओलसर लागणे, काचेवर आतून तेलकट वाफ जमणे आणि गोडसर वास येणे या हीटर कोअर गळत असल्याच्या खुणा आहेत.

आता झाकणाविषयी, कारण सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू समुद्रसपाटीला १०० अंश असतो. त्यावर १ बार जादा दाब दिला की तो सुमारे १२० अंशांवर जातो. निम्मे एथिलिन ग्लायकॉल आणि निम्मे पाणी हे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते आणि दाबाखाली १२५ अंशांच्याही पुढे टिकते. झाकणाची स्प्रिंग थकली किंवा रबरी वॉशर कडक झाला, तर ही सगळी राखीव ताकद नाहीशी होते. उंच डोंगरावर हवेचा दाब कमी असल्याने उत्कलनबिंदू आणखी काही अंशांनी उतरतो, म्हणून गळके झाकण असलेली गाडी सपाटीवर निभावते आणि डोंगरात उकळते.

झाकण रेडिएटरवर आणि शेजारी साधी प्लास्टिकची बाटली असलेल्या गाड्यांत झाकणाला दुहेरी काम असते. कूलंट तापून फुगले की ते बाटलीत सोडायचे, आणि निवल्यावर झाकणाच्या मध्यभागी असलेल्या छोट्या व्हॅक्यूम व्हॉल्व्हमधून परत ओढून घ्यायचे. हा व्हॉल्व्ह चिकटला किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी फाटली, तर कूलंट बाहेर जाते पण परत येत नाही. मालक रोज बाटली पाहतो, ती भरलेली असते, तो निर्धास्त राहतो, आणि रेडिएटर मात्र वरून चार बोटे रिकामा झालेला असतो. माझ्या पाहण्यातील एका गाडीत याच कारणासाठी पंप आणि थर्मोस्टॅट दोन्ही बदलून झाले होते. सकाळी थंड इंजिनवर बोनेट उघडले तेव्हा वरचा होज दोन्ही बाजूंनी आत ओढला जाऊन चपटा झालेला होता आणि झाकण सैल करताच ‘फस्स’ असा हवा आत शिरल्याचा आवाज होऊन तो पुन्हा गोल झाला. झाकण बदलल्यावर त्या गाडीची तक्रार थांबली. म्हणून अशा गाडीत केवळ बाटलीवर विसंबू नये. थंड इंजिनवर रेडिएटरचे झाकण काढून कूलंट काठोकाठ आहे का, हे आठवड्यातून एकदा पाहावे.

हेड गॅस्केटचा संशय

हेड गॅस्केट गेल्याचा निर्णय घाईने देऊ नये आणि घाईने स्वीकारूही नये, कारण त्यानंतर इंजिन उघडणे आलेच. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच, कूलंट तापायच्या आधीच, वरचा होज टणक झाला, टाकीत सतत बुडबुडे येत राहिले, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबला नाही, तर संशय पक्का होऊ लागतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला एवढ्यावर मात्र निष्कर्ष काढू नये. फक्त जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत तो हवेतील बाष्पानेही येतो. डिपस्टिकवरही (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरही) ऑइल दुधाळ असेल, तर गोष्ट गंभीर आहे. ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरत आहेत का हे पाहणारी रासायनिक चाचणी उपलब्ध असते. टाकीच्या तोंडावर धरलेला निळा द्रव पिवळा पडला, तर वायू येत आहेत. जोडीला सिलिंडर दाब धरतात का हे पाहणारी कॉम्प्रेशन किंवा लीक-डाउन चाचणी करून घ्यावी. हेड उतरवलेच, तर ते सपाट आहे का आणि त्याला तडा आहे का, हे तपासल्याशिवाय केवळ नवे गॅस्केट घालून बंद करू देऊ नये. वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट फार काळ तग धरत नाही, आणि ज्या मूळ दोषामुळे गाडी तापली तो तसाच राहिला असेल, तर नवे गॅस्केटही जाते.

दुरुस्तीनंतर लगेच पुन्हा तापली

कालच काम झाले आणि आज गाडी पुन्हा तापली, तर पहिला संशय एअर लॉकचा घ्यावा. कूलंट भरताना आत राहिलेली हवा उंच ठिकाणी, बहुधा हेडमध्ये किंवा हीटरच्या नळीत, अडकून राहते. त्या जागी धातूला कूलंटचा स्पर्श होत नाही, वाफ तयार होते आणि काटा वरखाली उड्या मारू लागतो. गाडीचे पुढचे तोंड थोडे उंच करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, एअर ब्लीड स्क्रू असल्यास तो सैल करून हळूहळू कूलंट भरावे. स्क्रूमधून बुडबुड्यांविना धार येऊ लागली की तो बंद करावा, फॅन निदान दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे, पूर्ण थंड होऊ द्यावे आणि पुन्हा पातळी भरावी. काही गाड्यांत निर्वात पंपाने किंवा स्कॅनरवरून विजेचा पंप चालवूनच हवा काढता येते. त्यासाठी गाडीच्या पुस्तिकेतील पद्धत पाळावी.

उष्ण प्रदेशात गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, इंधन जास्त लागते, झीज वाढते. आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती बायपासची वाट बंद करते, तिथे थर्मोस्टॅट काढल्याने कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच इंजिनमध्ये परत जातो, म्हणजे चढावर गाडी आणखीच तापू शकते. गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव हाही असाच उपाय आहे. तो गळणाऱ्या जागेबरोबर हीटर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बंद करू शकतो.

कूलंट निवडताना रंगावर जाऊ नये. हिरवा, लाल, गुलाबी, निळा हे रंग उत्पादक आपापल्या सोयीने देतात. त्यांना सर्वमान्य अर्थ नाही. पुस्तिकेत दिलेला प्रकारच वापरावा, दोन प्रकार मिसळू नयेत आणि पातळ करायचे असल्यास डिस्टिल्ड वॉटरच घ्यावे, कारण जड पाण्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात. कूलंटमधील गंजविरोधी घटक काळानुसार संपत जातात, म्हणून गाडी कमी चालली तरी ठरावीक वर्षांनी ते बदलावेच लागते. जुन्या पद्धतीच्या कूलंटला साधारण दोन वर्षे, नव्या प्रकारच्या कित्येक कूलंटना पाच वर्षे किंवा त्याहून अधिक अशी मुदत असते.

मोठ्या प्रवासाला निघण्याच्या आदल्या दिवशी दोष गेला की नाही याची परीक्षा घेणे उत्तम. जवळच्या एखाद्या लांब चढावर, एसी लावून, सगळी माणसे आणि सामान असते तितका भार ठेवून स्कॅनरवर तापमान पाहत जावे आणि वर पोहोचल्यावर गाडी उभी करून इंजिन पाच-दहा मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे प्रवाह आणि फॅन दोन्ही एकाच फेरीत तपासले जातात. इंजिन बंद करून काही मिनिटांत पुन्हा सुरू केल्यावर काटा थोडा वर दिसून लगेच उतरला, तर चिंता करू नये. थांबलेल्या कूलंटमध्ये धातूची उष्णता साठल्यामुळे तसे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी खुणेशी ताडून पाहावी. प्रवासात तयार मिश्रणाचा कॅन, दोन क्लॅम्प, स्क्रू-ड्रायव्हर, फॅनच्या मापाचा फ्यूज आणि जाड कापड सोबत ठेवावे. बदललेले जुने कूलंट गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. एथिलिन ग्लायकॉल विषारी असते, पण चवीला गोड असल्याने मुले आणि जनावरे ते पिण्याचा धोका असतो. झाकणाच्या डब्यात ते वेगळे साठवून जिथे वापरलेले ऑइल गोळा केले जाते अशा गॅरेजकडे द्यावे.